द्वारकाबायची वेळ

“पाय आडवा टाक गो! सरळ टाकशील तर रुतशील,” द्वारकाबाय पुढून ओरडली. तोवर माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला होता.

ती मागे वळली. डोक्यावरची टोपली एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं माझ्या काखेत धरून मला उपसून काढलं. चप्पल आतच राहिली. मी ती शोधायला वाकले तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे. दुसरी पन काढून टाक. पाखरं यायच्या आत त्या खडकापाशी पोचाया हवं.”

सकाळचे पावणेसात झाले होते. डिसेंबरचा महिना, पाण्यावर अजून धुकं होतं. धक्क्यावरच्या होड्यांची नुसती टोकं दिसत होती. आमच्या मागून वाडीतल्या दहा बायका कासोटे मारून, हातात टोपल्या आणि कालवं फोडायचे लोखंडी टोचे घेऊन येत होत्या. त्यांतली आनशी नावाची सगळ्यांत धिप्पाड बाई माझ्याकडे बघून हसत होती. “द्वारका, ही पोर गळाला लावून आणलीस काय?” असं तिनं विचारलं आणि सगळ्याच हसल्या.

आम्ही खडकाच्या आडोशाला बसलो. द्वारकाबायनं बोट तोंडावर ठेवलं. खाडीचं पाणी उतरत होतं. आधी चिखलाची एक लांबट पाठ वर आली, मग दुसरी, मग दोन्ही एक झाल्या. आणि मग दीपगृहाकडच्या कातळावरून पक्षी उठले.

पहिल्यांदा चिखल्या आले, मुठीएवढे, पळत थांबत पळत. मग तुतवारांचे थवे. मग कोरल, विळ्यासारख्या वाकड्या लांब चोचींचे, एकेक पाऊल मोजून टाकणारे. शेवटी काळ्यापांढऱ्या अंगाचे, लाल चोचीचे कालवफोड्या ओरडत आले आणि आमच्यापासून पन्नास पावलांवर उतरले. मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

“ती लाल चोचीची बगितलीस?” द्वारकाबाय कुजबुजली. “ती आमची भावकी. आमी खातो तेच खातात.”

त्या सकाळी मी चौदाशे पक्षी मोजले. कालवफोड्या एकटे दोनशे बारा होते. मी बार्शीची. त्याआधी समुद्रच मुळी दोनदा पाहिलेला.

मुरवणे हे रत्नागिरी जिल्ह्यातलं छोटं बंदर. तिथं खनिज चढवायला एक कंपनी मोठी जेटी बांधणार होती. परवानगीच्या आधी खाडीतल्या झाडांचा, माशांचा, पक्ष्यांचा अहवाल द्यावा लागतो. तो करायचं काम पुण्याच्या आमच्या संस्थेकडे आलं होतं. मी प्राणिशास्त्र शिकून नुकतीच तिथं लागले होते, वय चोवीस. पक्षी माझ्या वाट्याला आले. आमचे प्रमुख करंबेळकर सर म्हणाले, “रेवती, आधी पंधरा दिवस जाऊन राहा. अंदाज घे.”

मी द्वारकाबाय डोर्लेकरच्या घरी उतरले होते. ती पन्नाशीची, एकटी. नवरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता. मुलगी लांब दिलेली. पहिले तीन दिवस मी दुपारी जेवून दुर्बीण घेऊन धक्क्यावर जाऊन बसायची आणि कावळे, घारी, दोन बगळे लिहून परत यायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं माझी वही पाहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण पान रिकामं आहे हे कळलं.

“भरल्या पान्यात काय बगतेस? तवा ती कातळावर चोच पिसात घालून झोपतात. पानी उतरायला लागून दोन तास झाले की खाली येतात. पानी चढलं की परत. आमचं पन तसंच.”

“पण रोज वेळ बदलते ना? तुम्हाला कशी कळते?”

ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. मग तिनं माझा हात ओढला आणि माझ्याच बोटांवर मोजून दाखवलं. “आज पाचवी तिथ. पाचाची पाऊनपट किती?”

“पावणेचार.”

“पावनेचारला भरती. पहाटे पन आनि दुपारी पन. तू दुपारी किती वाजता बसलेलीस?”

“साडेतीन.”

“मंग!” ती पोट धरून हसली. “उद्या सहावी. साडेचारला भरती. साडेसहाला माज्या मागून यायचं.”

त्या पंधरा दिवसांत मी द्वारकाबायकडून जे शिकले ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. उधाणाच्या दिवसांत भाटी, म्हणजे खाडीतला तो सगळा चिखल, लांबवर उघडी पडते तेव्हा कोरल कुठं जातात, भांगाच्या दिवसांत, पाणी धड चढत नाही नि धड उतरत नाही तेव्हा, थवे कुठल्या कोपऱ्यात दाटतात, वारा खारा, म्हणजे समुद्राकडचा, असला तर कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी धक्क्याच्या कुठल्या बाजूला उतरतात, सगळं तिला पाठ होतं. रोज कुणी ना कुणी बाई दारातून विचारायची, “द्वारका, आज किती?” ती चुलीपुढून मान न वळवता सांगायची, “सव्वाधा.” की त्या बाया टोपल्या घेऊन सव्वादहाला खाली. कुणी घड्याळ पाहिलं, पंचांग पाहिलं, असं मी बघितलं नाही. तिच्या शब्दावर अकरा घरांचा दिवस चालायचा.

ती फुशारकी मारत नसे. पण कुणी ‘आज किती’ म्हणून विचारलं की तिचे खांदे जरा ताठ व्हायचे. ते मला दिसायचं.

बाजारातल्या टेलिफोन बूथवरून मी सरांना फोन केला. मी इतकी भरभर बोलत होते की सरांनी दोनदा “हळू” म्हटलं. आकडे सांगितले. कालवफोड्या एवढ्या संख्येनं या भागात कुणी नोंदवलेच नसतील, असं मी म्हटलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “छान. पुण्याला आलीस की बोलू.”

पुण्याला आम्ही बोललो. सरांनी टेबलावर नकाशा पसरला आणि पेन्सिलीचं टोक भाटीवर ठेवलं. “जेटी इथं येणार. हा सगळा चिखल उपसून खोली करणार. दुसरी जागा नाही.”

“पण सर, पक्षी तिथंच आहेत.”

“तुझं डिसेंबरचं जाणं हे अंदाज घेण्यासाठी होतं. औपचारिक पाहणी मार्चमध्ये, तीन दिवस. अहवालात तेवढीच जाते. पद्धत तशी आहे.” ते कधीच आवाज चढवत नसत. चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, “तुला कायम करायचा कागदही मार्चनंतरच निघेल. तू हुशार मुलगी आहेस. पाहणी नीट कर.”

मार्चमध्ये मी गेले. शिमग्याच्या आधीचे दिवस होते. द्वारकाबाय माहेरच्या गावी पालखीसाठी गेली होती. मी बंदरावरच्या विश्रामगृहात उतरले. तीन दिवस, रोज सकाळी साडेसात ते नऊ, होडी घेऊन खाडीत फिरले. सोबत कंपनीचा एक माणूस फोटो काढायला होता. समोर काठोकाठ पाणी होतं. मी लिहिलं: बगळे सात, घारी चार, खंड्या दोन. तिसऱ्या दिवशी परत येताना आनशी धक्क्यावर जाळं झाडत होती. तिनं हाक मारली, “काय गो, पाखरं बगायला आलीस की पानी?” मी हात हलवला आणि जीपमध्ये बसले.

अहवाल गेला. त्यात एक वाक्य माझं होतं. प्रस्तावित जागेवर स्थलांतरित पक्ष्यांचा उल्लेखनीय वावर आढळला नाही.

जनसुनावणी कार्तिकात होती. बंदरावरच मांडव घातला होता. व्यासपीठावर जिल्ह्याचे अधिकारी, कंपनीची माणसं, करंबेळकर सर, आणि टोकाच्या खुर्चीवर मी. खाली सगळी वाडी. पुरुष मागे उभे, बाया पुढे सतरंजीवर. द्वारकाबाय पहिल्या रांगेत होती. नवं लुगडं नेसली होती. मला बघून तिनं हसून मान हलवली, लग्नात ओळखीचं माणूस दिसावं तशी. दहा-अकरा महिन्यांत मी तिला एक पत्रही पाठवलं नव्हतं.

सरांनी अहवाल वाचला. पक्ष्यांचा परिच्छेद आला तेव्हा खाली चुळबुळ झाली. अधिकाऱ्यांनी हरकती विचारल्या. दोघंतिघं बोलले, होड्यांच्या जागेबद्दल, धुळीबद्दल. मग द्वारकाबाय उठली. तिच्या हातात माइक दिला तो तिनं उलटा धरला. कुणीतरी सरळ करून दिला.

“साहेब, आमी अकरा बाया त्या भाटीवर कालवं काढतो. आनि पाखरं पन हायत. शेकड्यांनी. हजारांनी. तुमचा कागद चुकलाय. ह्या पोरीनं माज्यासोबत बसून मोजलीत. तिला इचारा.”

मांडवात सगळे माझ्याकडे वळले.

“आज नवमी हाय,” ती पुढं म्हणाली. “पावनेसातला भरती झाली. आता अकरा वाजले. ह्या वक्ताला भाटी भरलेली असनार पाखरांनी. धा मिनिटं लागतील. सगळे चला, मी दाखवते.”

तिनं खरोखर हात करून रस्ता दाखवला. मागचे काही पुरुष हलायला लागले.

“बाई, सुनावणी सोडून जाता येत नाही,” अधिकारी म्हणाले. “शास्त्रीय पाहणी झालेली आहे.” मग माझ्याकडे बघून, “तुम्ही केलीत ना पाहणी? या म्हणतात ते पक्षी तुम्हाला दिसले?”

मी उभी राहिले. “पाहणीच्या तीन दिवसांत दिसले नाहीत.”

“दिसनार कशे!” मागून आनशीचा आवाज आला. “भरतीला होडीत बसून गेली ती! मी बगितली! भरतीला असतात होय पाखरं?”

मांडवात गलका झाला. अधिकाऱ्यांनी टेबलावर हात आपटून शांत केलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला होता. “पाहणी भरतीला केली? ही वेळ कशावरून ठरवलीत?”

मी सरांकडे पाहिलं. सर समोरच्या कागदांवर बघत होते. त्यांनी डोकं वर केलं नाही. तेवढ्या वेळात मला खूप काही बोलता आलं असतं. डिसेंबरची वही माझ्या पिशवीत होती, खुर्चीच्या पायाशी. मी म्हणाले,

“स्थानिक माहितगारांना विचारून ठरवली होती.”

“कुणाला?”

मी कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. सगळा मांडव द्वारकाबायकडे बघायला लागला होता.

ती अजून माइक धरून उभी होती. पहिल्यांदा तिला काही कळलं नाही असं वाटलं. मग तिचे ओठ हलायला लागले, आणि डाव्या हाताच्या अंगठ्याचं टोक बोटांच्या पेरांवरून फिरायला लागलं. ती मोजत होती. दोनदा मोजलं. मग म्हणाली, “माज्याकडूनच शिकली ती. दुसऱ्या कुनाकडं नाय.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “माजीच काय चूक झाली असंल सांगताना. पोर शिकलेली हाय. ती कशाला खोटं बोलंल.”

आणि खाली बसली. अधिकाऱ्यांनी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

संपल्यावर मी घाईनं जीपकडे गेले. दार लावून घेतलं तोच ती खिडकीशी आली. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“जेवून जा, बाय. भात टाकून आलेय.”

“उशीर होतोय, द्वारकाबाय.”

“बरं.” ती खिडकीची काच धरून उभी राहिली. “एक सांग. मी तुला काय सांगितलेलं? पाऊनपट ना? की माज्या तोंडून सव्वापट गेलं?”

मागे आनशी आणि आणखी चारपाच बाया उभ्या होत्या. कान देऊन ऐकत होत्या. सर पुढच्या सीटवर बसून घड्याळ बघत होते.

“आठवत नाही आता,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. काचेवरून हात काढला. जीप निघाली तेव्हा सर मागे न बघता म्हणाले, “छान सांभाळलंस.”

पंधरा दिवसांनी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. आई बार्शीहून पेढे घेऊन आली. मी ते ऑफिसात वाटले.

त्या संस्थेत मी आणखी चार वर्षं काढली. मग कोल्हापूरला एका कॉलेजात शिकवायला लागले. रविवारी मुलामुलींना पाणवठ्यांवर घेऊन जायची, पक्षी ओळखायला शिकवायची. हळूहळू लोक मला त्यातली जाणकार समजायला लागले. एका निसर्गमंडळानं किनाऱ्यावरच्या बंदरांची पुस्तिका करायची ठरवली, कुठल्या बंदरावर कुठे उभं राहायचं, कुठल्या महिन्यात, भरतीनंतर किती वेळानं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सतरा बंदरं लिहिली. मंडळाच्या बाईंनी मजकूर वाचून फोन केला. “सगळं फार छान झालंय. फक्त मुरवणे राहिलं का हो? नकाशावर मधेच दिसतंय.”

“तिथं आता काही नाही,” मी म्हणाले.

“पूर्वी होतं का?”

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात रजेचा अर्ज दिला. सुनावणीला बारा वर्षं झाली होती.

जानेवारीत दुपारी एसटीतून मुरवण्याला उतरले. जेटी रस्त्यावरूनच दिसत होती. जिथं भाटी होती तिथं हिरवंकाळं खोल पाणी होतं आणि एक मोठं जहाज उभं होतं. ओहोटीची वेळ होती, पण उघडं काहीच पडलं नव्हतं. दीपगृहाकडच्या कातळावर चार कुरव बसले होते.

द्वारकाबाय पडवीत कोळंबी सोलत बसली होती. केस सगळे पांढरे झाले होते. मी अंगणात उभी राहिले आणि नाव सांगणार तेवढ्यात ती म्हणाली, “ये बाय. उन्हात नको उभी ऱ्हाऊ.”

तिनं चहा केला. मी काय करते, लग्न झालं का, आई आहे का, विचारलं. वाडीतलं सांगितलं. आता सकाळी टेम्पो येतो, बाया कारखान्यात कोळंबी सोलायला जातात, तिच्या गुडघ्यांनी होत नाही म्हणून तिला घरी आणून देतात. तेवढ्यात कुंपणापलीकडून एक तरुण बाई जाताना दिसली. तिच्या हातात टोपली होती. ती शेजारच्या दारात विचारत होती, “काकी, भरती कवा हाय? कातळावर जाऊन येते.” शेजारीण म्हणाली, “थांब, मोबाइलात बगते.”

द्वारकाबायचे हात जरा थांबले. मग परत चालू झाले.

“तुम्हाला नाही विचारत आता?” मी म्हणाले.

“मला कोन इचारनार?” ती कोळंबीचं डोकं मोडत म्हणाली. “माज्या चुकीपायी भाटी गेली. येवड्या साहेबांसमोर, येन वक्ताला. आनशी तर दोन वरसं बोलली नाय माज्याशी. ती पन काय चुकीची नाय. शिकवायचं तर नीट शिकवायचं. माजा बापूस म्हनायचा, द्वारका, तू घाईनं बोलतेस. तसंच झालं असंल. पाऊनपट म्हनायचं ते सव्वापट म्हटलं असंल, नि तू बिचारी त्या हिशेबानं भरल्या पान्यात गेलीस.” ती माझ्याकडे बघून हसली. “तुला पन बोल लागला असंल तिकडं. मला लई वेळा वाटायचं, पोरीला सांगावं, तुजा दोष नाय.”

मी कप खाली ठेवला. तो कलंडला आणि उरलेला चहा शेणानं सारवलेल्या जमिनीवर गेला.

“द्वारकाबाय, तुम्ही पाऊणपटच सांगितलं होतं.”

तिनं वर पाहिलं.

“तुम्ही बरोबर सांगितलं होतं. सरांना पक्षी नको होते. त्यांनी मला नुसतं म्हटलं, पाहणीच्या तारखा आणि वेळा तू ठरव. मला कळलं त्यांना काय हवंय ते. मी पंचांग घेऊन बसले, आणि तुम्ही माझ्या बोटांवर शिकवलं होतं तसंच मोजलं. भाटी पुरती बुडालेली असेल असे तीन दिवस शोधून काढले. शिमग्याचे धरले, कारण तुम्ही गावी जाल हे तुम्हीच सांगितलं होतं. नंतर मांडवात खोटं बोलले, आणि जीपमध्येही. मला सगळं आठवत होतं.”

कोळंबीच्या पातेल्यावर माश्या यायला लागल्या, त्या तिनं हाकलल्या नाहीत. मी रडायला लागले होते. ते तिनं पाहिलं, पण तिला त्याचं काही नव्हतं. ती दुसरंच काही बघत होती.

“कुटच्या तिथी धरलेल्यास?” तिनं विचारलं.

“दशमी, एकादशी, द्वादशी.”

“दशमीला भरती किती?”

“साडेसात.”

“एकादशीला?”

“सव्वाआठ.”

“बारशीला?”

“नऊ.”

तिचा अंगठा पेरांवरून फिरत होता. तो थांबला. “बरोबर हाय,” ती म्हणाली. “मंग माजी वेळ बरोबर होती.”

“हो.”

“बारा वरसं मी झोपताना तेच मोजत आलेय.”

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय मागे घेतले. “ते नको.” तिच्या आवाजात मघाची माया उरली नव्हती. मी बोलले नसते तर ती माया राहिली असती, हे मला त्याच क्षणी कळलं. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले, आणि गुडघ्यावर हात टेकून कष्टानं उठली.

“ऊठ.”

“कुठं?”

“टेम्पो आताच परत आलाय. सगळ्या घरीच असतील.”

तिनं माझं मनगट पकडलं. पकड अजून तशीच होती, चिखलातून उपसून काढणारी. पण आता ती मला कशातून काढत नव्हती. आम्ही अंगण ओलांडलं. पहिलं दार आनशीचं होतं. ती ओट्यावर पाय पसरून बसली होती, अंगानं निम्मी झाली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला. ओळखल्यावर ती थुंकली, माझ्या पायाशी नाही, बाजूला.

“सांग,” द्वारकाबाय म्हणाली.

मी सांगितलं. आनशीनं सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे तिनं परत पाहिलंच नाही. ती द्वारकाबायकडे बघत होती आणि तिची हनुवटी हलत होती. “द्वारका,” ती एवढंच म्हणाली.

“बसून ऱ्हा. मला अजून जायाचंय,” द्वारकाबाय म्हणाली.

दुसऱ्या घरी सासू मेली होती, सुनेला सांगितलं. तिसऱ्या घरी एका बाईनं मधेच दार लावून घेतलं. द्वारकाबायनं कडी वाजवून ते उघडायला लावलं आणि मला उरलेलं पुरं करायला लावलं. शिव्या बसल्या. एकीनं पाण्याचा तांब्या माझ्या अंगावर रिकामा केला. द्वारकाबायनं कुणाला अडवलं नाही आणि मला एकदाही ‘पुरे’ म्हटलं नाही. प्रत्येक दारातून निघताना तिची चाल जरा सरळ झाल्यासारखी वाटायची. मागे बाया जमत चालल्या होत्या. आनशीही काठी टेकत आली होती.

शेवटचं घर वाडीच्या टोकाला होतं. तिथं म्हातारी तुळसा दारात गोधडीवर बसली होती. तिला ऐकू येत नव्हतं. मी वाकून सांगितलं. तिनं कानामागे हात धरून नुसती मान हलवली.

“तिला कळलं नाय,” द्वारकाबाय माझं मनगट न सोडता म्हणाली. “वरडून सांग.”

सगळी वाडी मागे उभी होती. मी श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं.